मोठ्या देवाचं उभं लाकूड

देवासाठी पैसे मिळवून देणं हा माझा धंदा होता. देवांनी त्यात कधी लक्ष घातलं नाही, पुजाऱ्यांनी मात्र फार घातलं. गोंदियाच्या धान्यबाजारात मला सगळे 'धरमादेवाले बाबूजी' म्हणत. घरी बायको म्हणे, "साऱ्या मुलखातल्या देवांची उठाठेव करता, आपल्या देव्हाऱ्याचा पाय मोडलाय तेवढा बघा." तो पाय अजून मोडलेलाच आहे. खाली लाकडाची ढलपी लावून काम भागतं.

यंदाची दिवाळी स्वराज्यातली पहिली. अंकाचे संपादक म्हणाले, बाबूजी, जुन्या कामाबद्दल लिहा. नोकरीला कधी लागलो, कुणाच्या हाताखाली होतो, पगार कसा वाढला, ते कुणाला वाचायचं आहे? मलाही ते नीट आठवत नाही. डोळे मिटले की मला आठवतो तो सकाळचा कोंडा. राईस मिल सुरू झाल्या की भाताचा कोंडा उडायचा, त्यावर कोवळं ऊन पडायचं आणि सारा रस्ता पिवळ्या धुक्यात बुडून जायचा. त्या धुक्यातून माणसं येत. कुणी भगव्या कफनीतला, कुणी हिरव्या साफ्यातला, कुणी मळक्या धोतरातला. जवळ येईपर्यंत चेहरा दिसत नसे. प्रत्येकाच्या मागे कुठलंतरी देऊळ, मठ, मशीद नाहीतर धर्मशाळा असे आणि ती गळत असे. आज वाटतं, त्यातली निम्मी माणसं मी स्वप्नातच पाहिली असावीत.

धर्मादा म्हणजे काय, ते बाहेरच्यांना सांगायला हवं. बाजारात धानाचं पोतं विकलं गेलं की विकणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या, दोघांच्याही हिशेबातून चिमूटभर रक्कम धर्मासाठी बाजूला निघे. ती मग विकणाऱ्याचीही नाही, घेणाऱ्याचीही नाही आणि अडत्याची तर नाहीच नाही. वर्षभरात चिमटीचिमटीने तिचा बऱ्यापैकी ढीग होई. तो कोणत्या धर्मकार्याला द्यायचा हे बाजारातले जाणते व्यापारी बसून ठरवत. त्यांना पंच म्हणत. पंचांना धान कळे, भाव कळे, माणूस कळे. पण कोणत्या गावचं देऊळ खरोखर गळतं आणि कोणत्या गावचं नुसतं अर्जात गळतं, हे गादीवर बसून कसं कळणार? ते पाहून यायचं, आणि खऱ्या गरजवंताला पंचांपुढे कसं बोलायचं ते शिकवायचं, हे माझं काम.

शिकवावं लागे, कारण देणाऱ्याची एक रीत असते. देणाऱ्याला आपला पैसा डोळ्यांनी दिसायला हवा. वीट दिसते, घंटा दिसते, तलावाच्या पायऱ्या दिसतात. दिव्यातलं तेल जळून जातं, म्हणून तेलाला कुणी पैसा देत नसे. एका धर्मशाळेत एक म्हातारी बाई वाटसरूंना पाणी द्यायची. तिला पाणी भरायला एक माणूस हवा होता. मी खूप खटपट केली. पंच म्हणाले, विहीर बांधून देतो. विहीर तिच्याकडे होती, कंबर नव्हती. त्या बाईचं काम मला करता आलं नाही, आणि अजून कुठे थंडगार पाण्याचा तांब्या पुढे आला की मला वाईट वाटतं.

गमतीही पुष्कळ झाल्या. आमगावकडच्या एका कबीरपंथी मठाचे महंत छपराला कवेलू, म्हणजे कौलं, मागायला आले. मी सगळं पढवून ठेवलं होतं. गादीसमोर बसल्यावर त्यांनी सुरुवात केली ती देह म्हणजे कसं नऊ दारांचं घर इथून. काय बोलले म्हणता! पंचांच्या डोळ्यांत पाणी आलं, बाहेर हमालांनी पोती खाली ठेवली. बोलणं संपलं, महंत उठले, सगळ्यांना हात जोडले आणि निघून गेले. कवेलूंचं नावही काढलं नाही. मी धावत स्टेशनवर गेलो तर बाकावर चणे खात बसलेले. मला पाहून म्हणाले, "अरे हाँ, खपरा माँगना था. बातों में निकल गया." कवेलू मिळाले. पुढच्या वर्षी ते आभार मानायला आले आणि तेही विसरून, दुसऱ्याच विषयावर बोलून परत गेले.

बाजारातल्या मशिदीला पंचांनी भिंतीवरचं घड्याळ दिलं, तेव्हा देवळाचे विश्वस्त रुसून बसले. मग देवळालाही दिलं. दोन घड्याळांत जो फरक पडला तो शेवटपर्यंत मिटला नाही. उशिरा येणारा हमाल देवळाकडे बोट दाखवी आणि लवकर घरी निघणारा मशिदीकडे. बाजारात त्यावरून कधी भांडण झालं नाही. दोन्ही देव सोयीचे होते.

पण लिहायला बसलो ते इस्तारी भुमकासाठी. भुमका म्हणजे गोंडांचा पुजारी.

दिवाळीनंतरच्या मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, उरकत आल्या होत्या. एक दिवस सकाळी कोंड्याच्या धुक्यातून एक उंच, काळासावळा म्हातारा आला आणि बाजारातल्या मोठ्या वजनकाट्याजवळ उकिडवा बसला. डोक्याला पटका, खांद्याला कुऱ्हाड.  पोती चढत होती, उतरत होती, तो काट्याच्या दांडीकडे बघत होता. मला वाटलं धान विकायला आला असेल. दुपार कलली तरी हलेना, तेव्हा मी जवळ गेलो.

"काय पाहिजे, बाबा?"

"तुमीच का देवाचे पैसे देता?"

"मी देत नाही, मिळवून देतो. कुठलं देऊळ तुमचं?"

"देऊर नाई. झाडं आहेत."

"झाडांना काय हवं?"

"काई नोको त्याईले. ठेकेदार तोडून राहिला. पूस लागला का देवाचेबी तोडन म्हनते."

पूस म्हणजे पौष महिना. जंगल केशोरीच्या पलीकडचं. तिथल्या मालगुजाराने, म्हणजे गावाच्या मालकाने, ते एका ठेकेदाराला तोडीला विकलं होतं. छोट्या रेल्वे लाईनसाठी आणि घरांसाठी लाकूड हवं होतं. त्या जंगलात ऐनाच्या जुन्या झाडांची एक राई होती. ऐनाला तिकडे साजा म्हणतात, आणि गोंडांचा मोठा देव साजाच्या झाडात राहतो. मालगुजार नागपूरला राहायचा. आपण काय विकलं हे त्याला माहीत असण्याचं कारण नव्हतं.

माझं डोकं माझ्या धंद्याच्या वळणाने चाललं. म्हटलं, "असं करू. पंचांकडून एक छोटंसं देऊळ मागू. पक्कं, वर कवेलू. झाडं गेली तरी देवाला घर होईल."

इस्तारीने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच अडाणी.

"देव घरात कायले राहीन? त्याले का थंडी लागते?"

 मी म्हटलं, येऊन पाहतो.

त्या प्रवासाची आठवण मला अजून अर्धवट झोपेत येते. छोट्या लाईनची गाडी अर्जुनीला सोडली आणि पुढे रेंगीत बसलो. रेंगी म्हणजे आमच्याकडची हलकी बैलगाडी, तिच्यात बसल्या बसल्या माणूस पेंगतो. धानाची कापणी झाली होती, बांध्या, म्हणजे धानाची शेतं, रिकामी, त्यांत उरलेली धसकटं आणि त्यांवर दव. डोळा लागे, उघडे, तर समोर एक तलाव. परत लागे, उघडे, तर परत तलाव, तशीच पांढरी पाखरं, तसंच कमळाच्या पानांवरचं ऊन. मला वाटायला लागलं की आपण पुढे जातच नाही, एकाच पाण्याभोवती फिरतो आहोत. इस्तारी गाडीत बसला नव्हता. तो चाकाबरोबर चालत होता आणि मी जागा झालो की नुसता हुंकार देत होता.

राईत शिरलो तेव्हा बैलांच्या घुंगरांचा आवाज एकदम कमी झाल्यासारखा वाटला. ऐनाचे बुंधे काळे, उंच, आणि साल मगरीच्या पाठीसारखी चौकटी चौकटीची. सगळ्यात जुन्या झाडाच्या पायाशी एक मोठं मडकं जमिनीत अर्धं पुरलेलं. बुंध्याला टेकवलेलं भाल्याचं लोखंडी पातं. इस्तारीने कुऱ्हाडीच्या दांड्याने पाचोळ्यात एक रेघ ओढली आणि म्हणाला, "तुमी इथंच थांबा." मी थांबलो. पुढे गेलो नाही, म्हणून पुढचं मला माहीत नाही, आणि जे माहीत नाही ते मी लिहिणार नाही.

रेघेच्या अलीकडूनही एक गोष्ट मात्र स्पष्ट दिसत होती. प्रत्येक बुंध्यावर साल तासून पांढरी चकती केलेली, आणि तिच्यावर लोखंडी घणाने ठोकलेला ठेकेदाराचा ठसा. ठसा पडला की झाड विकलं गेलं असा त्या धंद्यातला कायदा. जुन्या झाडालाही ठसा होता.

आम्ही रेघेशी बसलो. इस्तारीने तंबाखू मळली, मला दिली.

"मेलेला मानूस कुठं जाते तुमच्यात?" त्याने विचारलं.

मी पुराणिकासारखं काहीतरी बोलायला लागलो. त्याने मध्येच हात हलवला.

"आमच्यात इथं येते. मांघात सारे सगेसोयरे जमते, गावागावातले. मेलेल्याच्या नावाचा लहान मडका आनते, पानी या मोठ्या मडक्यात वतते. पानी पान्यात मिरला का मंग तो मानूस देवात मिरला. तंवर तो बाहीरच." त्याने तंबाखू दाढेत ठेवली. "माही बायको मेली, सुकवारा. आखाडात. ते अजून बाहीर आहे."

"म्हणजे कुठे?"

"मले का मालूम? बाहीर. पान्यापावसात." आणि मग हळूच म्हणाला, "तिले अंधाराचा भेव वाटे."

पुसात तोड, माघात मेळा. माझ्या आयुष्यात मी शेकडो अर्ज ऐकले असतील, पण असा अर्ज ऐकला नव्हता. परतीच्या वाटेवर मला झोप लागली नाही.

पंचांची बैठक भरली. मी जे पाहिलं ते सांगितलं. मोतीराम सेठ पंचांत सगळ्यात वजनदार. दोन मिल, आवाज खालचा, राग मोठा. ते म्हणाले, "झाड न काटने के लिए धरमादा? बाबूजी, कल को कोई नदी न सुखाने के लिए माँगेगा. कुछ बनेगा तो दिखाओ." बाकीच्यांनी माना डोलावल्या. त्यांचंही चूक नव्हतं. तो पैसा त्यांचा नव्हता, आणि परक्या पैशाला ते स्वतःच्या पैशापेक्षा जास्त जपत. याबाबतीत मी आमच्या बाजाराच्या नावाने कुठेही शपथ घेईन.

मी खाली मान घालून उठलो होतो, इतक्यात आमच्याच कामाची एक रीत माझ्या डोक्यात आली. देवळाच्या कामाला पहिली मंजुरी नेहमी लाकडाची मिळे. लाकूड वाळायला वेळ लागतो, म्हणून ते आधी घेऊन ठेवायचं, विटाचुन्याचं मागाहून पाहायचं. आणि उभं झाडच लाकूड म्हणून विकत घेणं हे आमच्या भागात रोजचं. मी परत बसलो आणि म्हणालो, "मग मोठ्या देवाच्या स्थानासाठी लाकूड मंजूर करा. त्याच राईतलं, उभं."

लाकूड मंजूर झालं. केव्हा तोडणार हे कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. यात मला तेव्हा काही गैर वाटलं नाही, आजही वाटत नाही. मोतीराम सेठ तर उलट खूश झाले. वर्षापूर्वी त्यांची पत्नी वारली होती. तेव्हापासून ते जिथे जिथे काही बांधलं जाई तिथे आपल्या पदरची भर घालत आणि तिच्या नावाचा दगड बसवत. नदीच्या घाटावर, धर्मशाळेच्या दारावर, गोशाळेच्या हौदावर, सगळीकडे 'कै. रुक्मिणीबाई यांच्या स्मरणार्थ'. ते म्हणाले, "जंगल में भी एक रहे. चौखट पर उसका नाम मेरी तरफ़ से."

ठेकेदार भला माणूस निघाला. "साजात पाणी फार, बाबूजी. तोडला तर पिचकारी उडते. वाळता वाळत नाही. घेऊन टाका," म्हणाला. पण धंद्याचा कायदा त्यालाही मोडता येईना. त्याचा ठसा तासून काढायचा आणि त्या जागी पंचांचा ठसा मारायचा, म्हणजे झाडं पंचांची झाली. मी समोर उभा राहून ते करून घेतलं. घणाचा प्रत्येक ठोका राईत घुमत होता. इस्तारी कान झाकून बसला होता.

"एक घाव मिटवाले दुसरा घाव कायले?" तो म्हणाला.

"कागदी कायदा आहे, बाबा."

"झाडाले का वाचता येते?"

पूस लागला. भोवतालचं जंगल तुटलं. राई राहिली. मला वाटलं आपलं काम झालं, आणि मी पुढच्या गळक्या देवळांकडे वळलो.

पण पंचांची आणखी एक रीत होती, ती मी विसरलो नव्हतो, नुसती मनाआड केली होती. लाकूड आलं की विटांच्या मंजुरीआधी पंचांपैकी एकाने जागा पाहून यायची. माघाच्या सुरुवातीला मोतीराम सेठ म्हणाले, "मैं ही चलता हूँ. पत्थर की नाप भी ले लेंगे." मी नाना सबबी सांगितल्या. रस्ता खराब, थंडी, वाघ. ते म्हणाले, "बाघ सेठ को नहीं खाता, बाबूजी को खाता है." आणि निघाले.

केशोरीला मुक्काम करून सकाळी राईकडे निघालो. धुकं इतकं की पुढच्या बैलाचं शिंगही दिसत नव्हतं. धुक्यात माणसांचे आवाज येत होते, पुढून, मागून, बाजूच्या बांधांवरून. बाया गात होत्या, पण कुठे ते कळत नव्हतं. इतकी माणसं कुठे चालली आहेत ते मला सेठजींच्या आधी समजलं. आज मेळा होता. मी मुद्दाम हा दिवस निवडलेला नव्हता. निवडायचा म्हटलं असतं तर यापेक्षा वाईट दिवस सापडला नसता.

धुकं विरत गेलं तसं आजूबाजूला तुटलेलं जंगल दिसू लागलं. नुसती थोटकं, दूरपर्यंत. आणि मधोमध राई, काळी, उंच, आहे तशी. तिच्याखाली माणसंच माणसं. सेठजी गाडीतून उतरले.

"बाबूजी, मंदिर कहाँ है?"

"हेच, सेठजी."

"यह तो जंगल है. लकड़ी अभी तक खड़ी क्यों है?"

मी ओल्या लाकडाचं काहीतरी सांगायला लागलो. तेवढ्यात आम्हाला पाहून इस्तारी आला. आज अंगावर स्वच्छ पांढरं धोतर होतं. माझी सारवासारव त्याने ऐकली असावी.

"हे तुटत नसते, सेठ," तो म्हणाला. "हेच घर आहे त्याचा."

मोतीराम सेठचा चेहरा काळवंडला. आवाज आणखी खाली गेला, आणि तो खाली गेला की बाजारात पोरंटोरं पळत. "बाबूजी, पंचों का पैसा मज़ाक है क्या? ये झाड़ पंचों के हैं. इन पर हमारी मुहर है. कल मज़दूर लगाओ, काटो, और यहीं मंदिर खड़ा करो. जैसा मंज़ूर हुआ वैसा."

 त्यांना तो अधिकार होता. ठसा मीच समोर उभा राहून मारून घेतला होता. ठेकेदारापासून वाचवलेली राई मी अशा माणसाच्या हाती दिली होती, ज्याला ती तोडण्यात पुण्य दिसत होतं.

इस्तारीला हिंदी सगळं कळलं. तो गयावया करणाऱ्यांतला नव्हता. एवढंच म्हणाला, "तोडाचे तं उद्या तोडा. आज नोका बोलू. आज माही बायको येऊन राहिली."

सेठजींनी वाटेकडे पाहिलं. "कौन आ रही है?"

इस्तारी तोवर वळून गेला होता. मी त्यांना पाचोळ्यात आज नव्याने ओढलेल्या रेघेशी नेलं आणि हळू आवाजात सांगितलं. सुकवाराचं, आखाडाचं, मडक्याचं, अंधाराचं. सेठजी एका पडलेल्या फांदीवर काठी धरून बसले.

ढोल वाजत होता, फार सावकाश, मध्येच थांबून. घराघरातली माणसं लहान मडकी घेऊन पुढे जात होती. आम्हाला पाठीच तेवढ्या दिसत. इस्तारीची पाळी आली. त्याने मडकं उरापाशी धरलं होतं, भरलेलं, आणि चालताना एक थेंब सांडू देत नव्हता. तो वाकला. पाणी ओतलं. किती वेळ लागला म्हणता? एक तांब्या पाणी ओतायला लागतो तेवढाच. मग रिकामं मडकं त्याने दगडावर फोडलं आणि आमच्याकडे आला. डोळे भरले होते, पण तोंडावर एवढं सुख मी फार थोड्या माणसांच्या पाहिलं आहे.

"गेली," तो मला म्हणाला. "आत गेली."

तो आमच्याजवळच खाली बसला, पाय पसरून, दिवसाचं काम आटोपलेल्या माणसासारखा. ऊन आता झाडांतून खाली उतरलं होतं. पुढचा माणूस मडकं घेऊन जात होता. सेठजी मोठ्या मडक्याकडे पाहत होते.  मग त्यांनी इस्तारीला विचारलं, आणि तो आवाज मी बाजारात कधी ऐकला नव्हता.

"मेरी वाली भी जाएगी क्या इसमें?"

इस्तारीने विचार केला. खरोखर केला, उगाच नव्हे. मग मान हलवली.

"नाई, सेठ. इथं आमचेच मिरते. तुमची बाई तुमच्या देवापाशी असन."

"पता नहीं कहाँ है," मोतीराम सेठ म्हणाले. "सब जगह नाम लिखवाया. पता ही नहीं चलता."

मला कुठे बघावं कळेना. इतके घाट, इतके दगड, त्यांची मोजमापं मीच घेतली होती. इस्तारी नुसता थोडा सरकला. आपल्या शेजारचा पाचोळा हाताने सारखा केला, रेघेच्या आतल्या बाजूचा, आणि थापटला.

"मंग बसा इथं," तो म्हणाला. "उठाची घाई कायले करून राहिले?"

सेठजी फांदीवरून उठले. बूट काढले. मला वाटलं गाडीकडे जातात. ते रेघ ओलांडून गेले आणि त्या म्हाताऱ्याशेजारी, पाचोळ्यात, मांडी घालून बसले. झाडांचं काय, लाकडाचं काय, ते कुणी बोललं नाही. त्या दिवशीही नाही आणि पुढे कोणत्याही बैठकीत नाही.

मला त्या रेघेपलीकडे कुणी बोलावलं नव्हतं. मी अलीकडे उभा राहिलो. गाडीवान येऊन विचारू लागला की बैल जुंपू का, सेठजींना अर्जुनीची गाडी गाठायची आहे ना. मी त्याला बैल सोडून चरायला न्यायला सांगितलं.